मुंबई ते लंडन : किती लांब आणि किती वेळ?

मावशींचा कागद

मंडळी, आमचा एक रात्रीचा वर्ग सातारा जिल्ह्यातल्या एका गावात भरतो. त्या वर्गाला एक मावशी येतात. दोन वर्षांपूर्वी त्या अंगठा उठवीत. आता सही करतात. एस.टी.ची पाटी वाचतात. फोनवर आलेला निरोपही अक्षर अक्षर लावून वाचतात.

एका रात्री मावशी एक कागद घेऊन आल्या. त्यांची लेक लंडनला असते. तिचे बाळंतपण जवळ आले होते. आईने यावे म्हणून जावयाने विमानाचे तिकीट काढून पाठवले होते. मावशी म्हणाल्या,

"गुरुजी, बारा तारखेला रातचं दोनचं विमान हाय. भावानं जीप ठरवलीया. बारा तारखेला दुपारी जेवून निघतो. म्हंजी रातच्याला बिनघोर पोचतो."

आम्ही कागद पाहिला. तारीख होती १२ जानेवारी. वेळ होती ०२:००. आम्ही म्हणालो, "मावशी, बारा तारखेला दुपारी तुम्ही जेवायला बसाल ना, तेव्हा तुमचं विमान लंडनला उतरत असेल. आणि तुम्ही इथंच!"

मावशी घाबरल्या. तिकिटाचे पैसे लहानसहान नव्हते. लेक तिकडे वाट बघणार. वर्गातले बाकीचे लोकही बुचकळ्यात पडले. कागदावर तर बारा तारीखच लिहिली आहे. मग चुकले कुठे?

त्या रात्री आम्ही नेहमीचा धडा बाजूला ठेवला. मावशींचा कागद हाच धडा केला. तो धडा इथे देत आहोत. आज गावोगावची मुले-मुली परदेशी जातात. कुणाचा मुलगा आखातात असतो, कुणाची मुलगी विलायतेत असते. तेव्हा हा कागद उद्या तुमच्याही हाती येईल.

लंडन किती लांब?

मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंत सुमारे ७,२०० किलोमीटर अंतर आहे. आकडा ऐकून काही उमज पडत नाही. म्हणून आपल्या ओळखीच्या वाटेने मोजू.

आळंदीहून पंढरपूरची पायी वाट सुमारे २५० किलोमीटर आहे. माउलींची पालखी ती वाट अडीच-तीन आठवड्यांत चालते. अशा २९ वाटा एकापुढे एक ठेवल्या, तर मुंबई ते लंडन एवढे अंतर होते. एस.टी. तासाला ४० किलोमीटर धरली आणि ती कुठेही न थांबता रात्रंदिवस चालली असे मानले, तरी तिला १८० तास लागतील. म्हणजे साडेसात दिवस.

आता हे अंतर मोजतात कसे? विमानाला आकाशात ना नदी आडवी येते, ना डोंगर. म्हणून दोन विमानतळांमधली सर्वांत जवळची वाट मोजतात. पण पृथ्वी सपाट नाही. ती गोल आहे. म्हणून ही वाट भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून काढता येत नाही.

घरी एक गोष्ट करून पाहा. एक गोल भोपळा घ्या. त्यावर कोळशाने दोन खुणा करा. एक खालच्या अंगाला उजवीकडे, ती मुंबई. दुसरी वरच्या अंगाला डावीकडे, ते लंडन. आता दोन्ही खुणांवर एक दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा आपण होऊन सर्वांत जवळची वाट धरतो. पृथ्वीच्या गोलावर असाच दोरा ताणला, तर तो इराणवरून जातो. मध्याच्या जवळपास जॉर्जिया नावाचा देश येतो. पुढे काळा समुद्र आणि मग युरोप. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट वर, उत्तरेकडे, वाकलेली दिसते. लोकांना वाटते, विमान वळसा घालून चालले आहे. खरे म्हणजे तीच जवळची वाट असते.

पूर्वी किती दिवस लागत?

पूर्वी आपल्याकडून विलायतेला जायचे तर जहाजाने. जहाज आफ्रिका खंडाला वळसा घालून जाई. त्याला कित्येक महिने लागत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि तो मोठा वळसा वाचला.

गांधीजी शिकायला विलायतेला गेले, ते या कालव्याच्या वाटेने. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले. तरीही त्यांना पोहोचायला तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले.

पुढे विमाने आली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल या कंपनीचे पहिले विमान मुंबईहून लंडनला निघाले. त्या विमानाचे नाव 'मलबार प्रिन्सेस'. ते पंख्याचे विमान होते. ते एका दमात लंडन गाठत नसे. वाटेत कैरो आणि जिनिव्हा इथे थांबून पुढे जाई. १९६० साली या कंपनीकडे जेट विमाने आली. ती पंख्याच्या विमानांपेक्षा खूप वेगाने जात. आजची विमाने मुंबईहून उडतात ती थेट लंडनला उतरतात. मावशींचे तिकीट असेच थेट होते.

विमानाला किती तास लागतात?

मोठे प्रवासी विमान आकाशात तासाला सुमारे ९०० किलोमीटर जाते. आळंदी ते पंढरपूर एवढे अंतर ते १७ मिनिटांत तोडते. आता भागाकार करा. ७,२०० भागिले ९००. उत्तर आले ८. म्हणजे आठ तास लागायला हवेत.

पण लंडनला जाताना प्रत्यक्षात साडेनऊ-दहा तास लागतात, कधी थोडे अधिकही. हा जास्तीचा वेळ कुठे जातो? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण. एस.टी. स्टँडवरून निघताच पळत नाही. विमानाचेही तसेच आहे. ते आधी जमिनीवर हळू चालत धावपट्टीपर्यंत जाते. मग उडते. मग चढत चढत दहा-अकरा किलोमीटर उंच जाते. उतरतानाही वेग कमी करावा लागतो. मोठ्या विमानतळावर गर्दी असेल, तर आकाशात घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहावी लागते.

दुसरे कारण. आकाशालाही बांध असतात. प्रत्येक देशाच्या वरचे आकाश त्या देशाचे असते. त्याने परवानगी दिली, तरच त्यावरून जाता येते. भांडण झाले, लढाई पेटली, तर वाट बंद होते. २०१९ साली पाकिस्तानने आपले बरेचसे आकाश काही महिने बंद ठेवले होते. तेव्हा भारतातून युरोपकडे जाणाऱ्या पुष्कळ विमानांना लांबून जावे लागले. शेजाऱ्याने बांधावरची पायवाट अडवली की आपण दुसऱ्या शेतावरून वळसा घालतो ना? तसेच हे.

तिसरे कारण वाऱ्याचे. खूप उंचावर वाऱ्याचे मोठे प्रवाह असतात. ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. लंडन आपल्या पश्चिमेला आहे. म्हणून जाताना विमानाला बहुतेक वारा समोरून लागतो, आणि येताना पाठीमागून. नदीला पाणी असताना नाव प्रवाहाविरुद्ध वल्हवून पाहा. दम निघतो. तीच नाव परत आणताना पाणीच तिला ढकलते. म्हणून लंडनहून मुंबईला येताना साडेआठ-नऊ तासच लागतात. वाट तीच, विमान तेच, पण वेळेत तासाभराचा फरक पडतो.

दोन गावांची दोन घड्याळे

आता घड्याळाकडे वळू. इथेच पुष्कळांची गफलत होते.

सूर्य पूर्वेला उगवतो. म्हणून पूर्वेकडच्या गावाला तो आधी दिसतो. नागपूर मुंबईच्या पूर्वेला आहे. नागपूरला सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर सुमारे २५ मिनिटांनी तो मुंबईच्या माथ्यावर येतो. खरे म्हणजे सूर्य चालत नाही. पृथ्वीच स्वतःभोवती फिरते. तिचा एक फेरा २४ तासांत होतो.

प्रत्येक गावाने आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले, तर रेल्वेचा कारभार चालेल का? म्हणून सबंध देशाचे एक घड्याळ ठरवतात. आपल्या भारताची वेळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या एका रेषेवरून ठरवली आहे. मुंबई असो, नागपूर असो की कोलकाता, घड्याळ एकच.

पण लंडन फार लांब पश्चिमेला आहे. तिथे सूर्य आपल्यानंतर कितीतरी तासांनी उगवतो. म्हणून तिथले घड्याळ आपल्या मागे असते. किती मागे? हिवाळ्यात साडेपाच तास मागे. उन्हाळ्यात तिकडे दिवस फार मोठा असतो. तेव्हा ते लोक आपली घड्याळे एक तास पुढे करून ठेवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. तेवढ्या दिवसांत लंडन आपल्यापेक्षा साडेचारच तास मागे असते.

म्हणजे जानेवारीत आपण सकाळी सातला चहा घेऊन लेकीला फोन लावला, तर तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. लेक दचकून उठते. तिला वाटते, गावाकडे काही बरेवाईट झाले की काय! म्हणून फोन करण्याआधी साडेपाच तास वजा करून पाहावेत.

तिकिटावरची वेळ कोणाच्या घड्याळाची?

एक नियम पाठ करून ठेवा. विमान ज्या गावाहून निघते, तिथली वेळ त्या गावाच्या घड्याळाची असते. विमान ज्या गावाला पोहोचते, तिथली वेळ त्या गावाच्या घड्याळाची असते.

मावशींच्या तिकिटावर असे होते :

मुंबई, निघण्याची वेळ ०२:००, तारीख १२ जानेवारी.
लंडन, पोहोचण्याची वेळ ०६:३०, तारीख १२ जानेवारी.

वर्गातला एक जण म्हणाला, "दोनला निघालं, साडेसहाला पोचलं. म्हंजी साडेचारच तास की!" हा हिशेब चुकला. का चुकला? दोनची वेळ मुंबईच्या घड्याळातली, आणि साडेसहाची लंडनच्या घड्याळातली. शेर आणि किलो यांची वजाबाकी होते का? आधी माप एक करावे लागते.

म्हणून लंडनच्या साडेसहात साडेपाच तास मिळवा. आले बारा. म्हणजे विमान लंडनला उतरते, तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजलेले असतात. आता वजाबाकी करा. रात्रीच्या दोनपासून दुपारच्या बारापर्यंत किती? दहा तास. हा बरोबर हिशेब.

आता परतीचे पाहू :

लंडन, निघण्याची वेळ १०:००, तारीख ५ मार्च.
मुंबई, पोहोचण्याची वेळ ००:३०, तारीख ६ मार्च.

इथे तारीखच बदलली आहे. पण घाबरू नका. लंडनच्या सकाळच्या दहात साडेपाच मिळवा. आपले दुपारचे साडेतीन झाले. दुपारी साडेतीन ते रात्री साडेबारा, म्हणजे नऊ तास. जाताना दहा आणि येताना नऊ. वाऱ्याची गोष्ट आठवते ना?

तिकिटावर आणखी एक ध्यानात ठेवा. विमानाचे घड्याळ चोवीस तासांचे असते. दुपारी एक वाजता तिथे १३:०० लिहितात, दुपारच्या दोनला १४:००, रात्रीच्या आठला २०:००. म्हणून ०२:०० म्हणजे रात्रीचे दोन. दुपारचे दोन असते, तर १४:०० लिहिले असते.

बारा तारीख लागते केव्हा?

आता मावशींची चूक पाहू. ती अडाणीपणाची चूक नव्हती. आपल्या जुन्या रिवाजातून ती आली होती.

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. म्हणून आपण आधी दिवस धरतो, आणि त्याच्यामागून येणारी रात्र त्या दिवसाची मानतो. सोमवारची रात्र म्हणजे सोमवार मावळल्यानंतरची, पार पहाटेपर्यंतची रात्र. मावशींनी असेच धरले. बारा तारखेचा दिवस जाईल, मग बारा तारखेची रात्र येईल, त्या रात्री दोनला विमान.

पण सरकारी कागद, रेल्वे आणि विमान यांची तारीख सूर्योदयाला बदलत नाही. ती मध्यरात्री बदलते. ११ तारखेच्या रात्री घड्याळात बारा वाजले की १२ तारीख लागली. त्यानंतर दोन तासांनी, म्हणजे ११ तारखेला आपण जेवून अंथरुणावर पडतो त्याच रात्री, मावशींचे विमान उडणार होते. बारा तारखेला गावाहून निघाले असते, तर विमानतळावर पोहोचेपर्यंत विमान जाऊन वीसएक तास झाले असते.

म्हणून खूणगाठ बांधा. तिकिटावर मध्यरात्रीनंतरची आणि पहाटेची वेळ असेल, तर घरून आदल्या दिवशी निघायचे असते. रेल्वेच्या तिकिटालाही हाच नियम लागतो.

दारापासून दारापर्यंत

विमानाचे दहा तास हा झाला आकाशातला वेळ. पण आपण विमानतळावर राहत नाही. आपला प्रवास घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. म्हणून आम्ही फळ्यावर मावशींचा सगळा हिशेब मांडला.

विमान रात्री दोनला. परदेशी जाणाऱ्याने विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे. सामान वजन करून द्यायचे असते, पासपोर्ट दाखवायचा असतो, तपासणीला रांगा असतात. म्हणजे रात्री अकराला विमानतळाच्या दारात हवे. गावाहून मुंबईच्या विमानतळापर्यंत सुमारे २५० किलोमीटर. घाट आहे, मुंबईची गर्दी आहे. सात तास धरू. म्हणजे दुपारी चारला निघाले पाहिजे. जीप वाटेत बंद पडली, तर? म्हणून दोन तास जास्तीचे हाताशी ठेवू. ११ तारखेला दुपारी दोनला निघायचे ठरले.

आता मोजा. ११ तारखेला दुपारी दोनपासून १२ तारखेला दुपारी बारापर्यंत झाले बावीस तास. लंडनला उतरल्यावर पुन्हा पासपोर्टची रांग, सामान आणि मोटारीने लेकीच्या घरी जाणे, याला दोन तास. एकूण चोवीस तास. म्हणजे आठ प्रहर. विमान दहाच तासांचे, पण प्रवास सबंध दिवस-रात्रीचा.

मावशींनी वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतले : '११ तारीख. दुपारी २. जीप.' त्या म्हणाल्या, "भाऊ ऐकायचा न्हाई. म्हणंल, तिकिटावर बारा लिवलंय." आम्ही म्हणालो, "मावशी, तुम्हीच त्याला समजावून सांगा. तुम्हाला आता येतं." दुसऱ्या दिवशी मावशींनी भावाला अंगणात बसवले आणि कॅलेंडरवर बोट ठेवून सगळे समजावले. भाऊ थोडा वेळ गप्प बसला. मग उठून जीपवाल्याकडे गेला.

जानेवारी संपता संपता एका रात्री आमचा वर्ग चालू होता. साडेआठ वाजले होते. फोन वाजला. पलीकडून मावशी बोलत होत्या. नात झाली होती. बाळ-बाळंतीण खुशाल होती. सगळ्यांशी बोलून झाल्यावर मावशींनी विचारले, "गुरुजी, वर्गाला इचारा बरं. माझ्याइथं आता किती वाजल्यात?"

सगळ्यांनी वह्या काढल्या. साडेआठातून साडेपाच वजा केले. आणि सगळा वर्ग एकदम ओरडला, "दुपारचे तीन!"

तुम्ही सांगा पाहू

१. तुमच्या मुलाच्या तिकिटावर ००:४५, तारीख २० असे लिहिले आहे. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे आहे. कोणत्या तारखेला आणि किती वाजता?

२. जुलै महिना आहे. आपल्याकडे संध्याकाळचे सहा वाजले आहेत. लंडनला किती वाजले असतील?

३. डिसेंबर महिना आहे. एक विमान लंडनहून रात्री २१:०० वाजता निघाले आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी ११:३० वाजता पोहोचले. त्याला किती तास लागले?

उत्तरे : (१) १९ तारखेला रात्री पावणेदहा वाजता. (२) दुपारचा दीड. (३) नऊ तास.